पाहुण्यांचा जिना

आमच्या घरमालकांना कुणी "घर छान आहे हो तुमचं" असं म्हटलेलं चालायचं नाही. लगेच भुवया वर जायच्या. "छान म्हणजे काय? नेमकं काय छान आहे?" समोरचा बिचारा गडबडायचा. मग काका त्याला अंगणात नेऊन उभं करायचे आणि बोट दाखवत सुटायचे. कोपऱ्यातला गोल बुरूज, पुढून निघून बाजूला वळलेला पोर्च, माशाच्या खवल्यांसारख्या कापून बसवलेल्या लाकडी फळ्या, छपराच्या कडेची लाकडी जाळी, आणि घराची एकही बाजू दुसऱ्या बाजूसारखी नसणं. हे सगळं ऐकवून झालं की म्हणायचे, "ह्या शैलीला क्वीन ॲन म्हणतात. छान आपण शिऱ्याला म्हणतो." मास्टर्स करताना मी त्या घरात भाड्याने राहिले, आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढे बरेच दिवस मला शिरा खावासा वाटत नव्हता.

मिशिगनमधलं ते एक लहानसं युनिव्हर्सिटीचं गाव. काका त्याआधी ट्रॉयला राहायचे, गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर माणसं भारतात जाऊन चार महिने राहतात, नातवंडं सांभाळतात, फार तर मंडळाच्या कमिटीत घुसून भांडणं लावतात. काकांनी ट्रॉयचं गरम, कोरडं, सुखाचं घर विकून हे धूड विकत घेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात कुण्या लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. त्या व्यापाऱ्याबद्दल काका इतक्या आपुलकीने बोलायचे की नव्या माणसाला तो त्यांचा सख्खा पणजोबा वाटावा. मी त्यांना काका म्हणत होते, कारण वडीलधाऱ्या माणसाला आपल्याकडे दुसरं काही म्हणायची सोय नाही.

माझी खोली बुरुजात होती. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, "खोलीला कॅरॅक्टर आहे." मी साताऱ्याहून आलेली, मला वाटलं कॅरॅक्टर असणं चांगलंच. गोल खोलीत तुम्ही कधी राहिलात का? पलंग कुठेही लावा, मागे फट राहते, आणि फोन, चष्मा, पेन, सगळं त्या फटीत जातं. कपाट भिंतीला टेकत नाही. खिडक्यांच्या काचा मूळच्या, लाटा आलेल्या, त्यातून रस्त्यावरचा सरळ माणूससुद्धा पिऊन चालल्यासारखा दिसायचा. आणि चौकटींच्या फटीतून मिशिगनचा जानेवारी आत यायचा. मी खिडक्यांवर लावायचं पातळ प्लॅस्टिक आणलं, सगळेच लावतात ते. काकांनी जिन्यातच मला अडवलं.

"पैठणीवर रेनकोट घालशील का तू?"

"थंडी वाजली तर घालीन."

"मग पैठणी नेसू नये," म्हणाले, आणि रोल काढून घेतला. मी त्या हिवाळ्यात जॅकेट घालून झोपायचे. काकू मात्र रोज झोपायच्या आधी गरम पाण्याची पिशवी पदराआड लपवून वर घेऊन यायच्या. "त्यांना सांगू नकोस, वाफेने वॉलपेपर सुटतो म्हणतात." रबरी पिशवीतून कसली आलीये वाफ, पण काकू नवऱ्याचं म्हणणं तपासून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्या वर यायच्या त्या मागच्या जिन्याने. त्या घराला दोन जिने होते. पुढचा ओकचा, रुंद, सरळ, दारातून आत आलं की समोरच दिसणारा. त्याच्या पायथ्याशी छातीएवढा उंच कोरीव खांब, त्यावर पितळी दिवा. मागचा जिना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून कपाटासारख्या दारातून निघायचा. अरुंद, अंधारा, आणि वळणावर पायऱ्या एका बाजूला इतक्या निमुळत्या की अर्धं पाऊलच मावायचं. तो नोकरांसाठी बांधलेला. बाईसाहेबांच्या पाहुण्यांना झाडूवाली दिसू नये म्हणून. काकांनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "पुढचा जिना पाहुण्यांचा. आपण मागून जायचं."

"आपण नोकर आहोत का, काका?"

"आपण केअरटेकर आहोत. घर कुणाच्या मालकीचं नसतं." भाडं घेताना मात्र हे तत्त्वज्ञान त्यांना आठवत नसे.

ही खोड त्यांनी अमेरिकेत आल्यावर लावून घेतली असं समजू नका. ती त्यांनी डोंबिवलीहून आणली होती. दोन खोल्यांत सात माणसं, आणि शोकेसमध्ये एक बोन चायनाचा टी-सेट. आईने तो जन्मभर पाहुण्यांसाठी जपला, एक कप फुटू दिला नाही, हे ते डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. मी विचारलं, "त्यातून चहा कोण प्यायलं?" "मुद्दा तो नाही," म्हणाले. आपल्याकडे घराघरांत हेच चालतं. चांगले कप पाहुण्यांचे, नवी चादर पाहुण्यांची, आणि घरच्यांना कान तुटलेला मग. त्या जुन्या अमेरिकन लोकांचंही तेच. पुढची खोली म्हणजे पार्लर, ते फक्त आल्यागेल्याला दाखवायचं. काकांना शे-सव्वाशे वर्षांनी आपली माणसं भेटली. त्यांनी टी-सेटचा नियम अर्ध्या घराला लावला. पार्लर, बे विंडोतली बसायची जागा, भिंतीत सरकत जाणारे ते दरवाजे, पुढचा जिना, पुढचं दार, सगळं पाहुण्यांचं. काकूंच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि मागची बाजू आली.

स्वयंपाकघरही पूर्ण नाहीच. तिथे नक्षीदार पत्र्याचं छत होतं, फोडणीच्या धुराने ते काळं पडेल म्हणून फोडणी मागच्या पोर्चवर, इलेक्ट्रिक शेगडीवर. आता फोडणी बाहेर गॅरेजमध्ये करणारी माणसं ट्रॉयला ढिगाने सापडतील, त्यात नवल नाही. पण ती माणसं त्याला सोय म्हणतात. काका त्याला इतिहास म्हणायचे. "त्या काळी समर किचन वेगळंच असायचं, मुख्य घराच्या बाहेर." ते समर किचन आम्ही फेब्रुवारीत वापरत होतो. काकू बर्फाचे बूट आणि काकांचा जुना पार्का घालून मोहरी तडतडायची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि काका आतून काचेवर टकटक करून खूण करायचे, दार लावून घे.

काकांना घेऊन कुठे जायची सोय नव्हती. ट्रॉयला एका नवीन जोडप्याच्या घराची वास्तुशांत होती. मुलगा पुण्याहून आलेला, बायको नागपूरची, व्हिसाच्या कटकटी निस्तरून कसंबसं घर झालेलं. त्याची आई मुद्दाम भारतातून आलेली, हौसेने सगळ्यांना खोल्या दाखवत होती. काकांनी दारातल्या खांबावर टिचकी मारली. मग दुसऱ्या खांबावर. "पोकळ आहे. आतून काही नाही. छत ह्याच्यावर टेकलेलंच नाहीये." त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं छत पडणार. पोराला बाजूला घेऊन त्या विचारत होत्या, बिल्डरने फसवलं का रे. काका तोवर गॅरेजकडे वळले होते. "घराच्या तोंडावर गॅरेज. म्हणजे पाहुण्याने आधी ह्यांची टोयोटा बघायची आणि मग ह्यांना." जेवताना भटजींशेजारी बसून त्यांनी इटालियनेट आणि क्वीन ॲन ह्या घरांच्या दोन शैलींतला फरक सांगितला. भटजींनी शांतपणे तीन वेळा मठ्ठा मागून घेतला.

परत येताना गाडीत मी म्हणाले, "काका, त्या बाईंना वाईट वाटलं." ते म्हणाले, "खरं बोललं की वाटतंच." काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अगं, एकेकाचं एकेक असतं. कुणी दारू पितं, कुणी पत्ते खेळतं. ह्यांचं घर आहे." काकूंचा सगळा संसार ह्या एका हिशोबावर उभा होता. दारूपेक्षा बरं.

आणि मग काकूंचा गुडघा गेला.

गेला म्हणजे बदलावा लागला. ऑपरेशन उन्हाळ्याच्या शेवटी झालं. झोपायची खोली वर, बाथरूम वर, खाली फक्त पाहुण्यांचा भाग आणि स्वयंपाकघर. हॉस्पिटलमधून आणल्यावर काकूंना दोन माणसांनी खुर्चीत बसवून पुढच्या जिन्याने वर नेलं. त्या वेळी काका खुर्चीच्या मागून चालत होते. त्यांची नजर खुर्चीच्या पायांवर होती, ते कठड्याला लागतायत का बघायला.

घरी काकूंकडून व्यायाम करून घ्यायला एक उंच अमेरिकन बाई यायची. तिने मागचा जिना पाहिला आणि मान हलवली. ह्या जिन्यावर ह्यांनी पाऊलही टाकायचं नाही, म्हणाली. मग बाथरूम पाहिलं. तिथे सिंहाच्या पंज्यांवर उभा असलेला बिडाचा टब, मांडीएवढ्या उंच काठाचा. "ओह माय," ती म्हणाली. काकांना ते कौतुक वाटलं, त्यांनी तिला टबाचं वय सांगितलं. तिने सरळ दोनच गोष्टी सांगितल्या. पलंग खाली पार्लरमध्ये आणा आणि जिन्याखालच्या कोठीत टॉयलेट करून घ्या, किंवा पुढच्या जिन्याला लिफ्टची खुर्ची बसवा. रुळावरून सरकत वरखाली जाते ती. जिना सरळ आहे, एका दिवसाचं काम.

पार्लरमध्ये पलंग? काका असे बघत राहिले की जणू तिने पार्लरमध्ये म्हैस बांधायला सांगितली होती. आणि खुर्चीचं तर नावच काढू नका. "शंभराच्या वर वर्षं झालेलं ओक आहे. एक स्क्रू मारला की उभं चिरत जाईल. होत नाही ते."

मी म्हणाले, निदान बसवणाऱ्यांना बोलावून विचारा तरी. ते म्हणाले, "मी गाड्यांच्या कंपनीत आयुष्य काढलंय. स्क्रू काय करतो ते मला कुणी शिकवायला नको." काकूंची मुलगी ओहायोत डब्लिनला असते. ती फोनवर रोज भांडायची. आणि काकू तिची समजूत काढायच्या, मी स्वतः ऐकलंय. "अगं, बाबांनी सगळं बघितलंय. लाकूड चिरतं म्हणे. होण्यासारखं असतं तर केलं नसतं का त्यांनी माझ्यासाठी?"

असं करत सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पानं पडली, पहिला बर्फ पडला, काकू वरच. टबात चढता येत नाही म्हणून स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ, मी पाणी द्यायचे. खिडकीतून त्यांना बाहेरचा रस्ता दिसायचा तोही लाटा आलेल्या काचेतून. काकांचा मात्र ह्या काळात एक मोठा फायदा झाला. डायनिंग रूमच्या भिंतीत जुना डम्बवेटर होता, म्हणजे दोरीने ओढून ताटं वरखाली न्यायची पेटी. वर ती काकूंच्या खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये उघडायची. इतकी वर्षं ती कशाला चालवायची म्हणून तशीच पडून होती. काकांनी नवी दोरी लावली, कप्पीला तेल घातलं, आणि रोज दुपारी काकूंचं ताट त्यातून वर पाठवायला लागले. खालून ओरडायचे, "आलं बघ!" आनंद गगनात मावत नव्हता. पोळीभाजीला लिफ्ट होती, बायकोला नव्हती. मी हे त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुला मेकॅनिझम बघायचाय का?"

डिसेंबरात त्या गावात जुन्या घरांचा होम टूर असतो. लोक तिकीट काढून घरोघरी फिरतात, दारात निळे कापडी मोजे बुटांवर चढवतात, आणि लाकूडकाम बघून उसासे टाकतात. त्या वर्षी आमचं घर पहिल्यांदाच यादीत आलं. काकांनी महिनाभर आधी पॉलिशचे डबे आणले. त्या दिवशी अंगात जाकीट, जाकिटाला साखळीचं घड्याळ. मला पार्लरमध्ये उभं केलं. पुढच्या जिन्यावर मखमली दोरी लावली. वरचा मजला टूरमध्ये नाही. काकूंना सांगून ठेवलं होतं, दार लावून घे आणि टीव्हीचा आवाज करू नकोस.

सकाळी मुलगी डब्लिनहून गाडी चालवत आली. काकांना वाटलं टूरसाठी आली. खूश झाले. "बघ, शेवटी तुलासुद्धा किंमत कळली." ती दारात रांगेत उभी राहिली, निळे मोजे घातले, आणि येऊन जिन्याच्या खांबापाशी थांबली.

काका डायनिंग रूममध्ये दहाबारा लोकांसमोर डम्बवेटर दाखवत होते. त्यांनी दोरी ओढली. पेटी जड लागली. जरा आणखी ओढली, पेटी खाली आली, त्यांनी ऐटीत झडप उघडली. आत काकूंची कापडी पिशवी होती, गोळ्यांचा डबा होता, आणि टॉवेलात गुंडाळलेली, लग्नात माहेरहून दिलेली पितळी अन्नपूर्णा. एक बाई "हाऊ लव्हली" म्हणाल्या. काका कोरड्या तोंडाने म्हणाले, लॉन्ड्री.

तेवढ्यात जिन्यावर धप्प असं वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. मी धावले. काकू सगळ्यात वरच्या पायरीपासून बसून, पाय पुढे सोडून, एकेक पायरी खाली घसरत येत होत्या. गाऊन, त्यावर स्वेटर, केसांत नीट घातलेली क्लिप. हाताने कठडा धरलेला. बघे लोक आपोआप बाजूला झाले, एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. काका आले. बायको जिन्यावरून बसून उतरतेय, इतक्या महिन्यांनी खाली येतेय, आणि हा माणूस मराठीत, हळू आवाजात, तिला म्हणाला, "कठडा धरू नकोस. पॉलिश ओलं आहे."

काकूंनी हात काढला. गाऊनला पुसला. आणि उरलेल्या पायऱ्या दोन्ही हात मांडीशेजारी टेकवत उतरल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजही ते आठवलं की होते.

मुलीने जिन्यावरची मखमली दोरी काढून आईला उभं केलं. मी वरून वॉकर आणला, पेटीतली पिशवी घेतली. पुढच्या दारात टूरच्या कमिटीतली एक बाई उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती सकाळपासून तेच म्हणत होती, तेच ती काकूंनाही म्हणाली, "थँक्स फॉर कमिंग." काकू थांबल्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण रीतभात पक्की. "थँक्यू," त्या म्हणाल्या. "व्हेरी नाइस हाउस."

त्या परत आल्या नाहीत. डब्लिनला मुलीने आपल्या शेजारीच त्यांना तळमजल्यावरचं अपार्टमेंट घेऊन दिलं. बेज कार्पेट, प्लॅस्टिकच्या खिडक्या, हात वर केला तर लागेल असं छत, आणि उंबरठा नसलेला शॉवर. काका मधूनमधून जायचे, सोफ्यावर बसून छताकडे बघत नाक मुरडायचे, चहा पिऊन परत यायचे. भांडण म्हणून काही झालंच नाही. कुणी विचारलं तर काकू सांगायच्या, "घर जुनं, त्याला काही करता येत नव्हतं. मग मीच निघाले. ह्यांचा तरी काय दोष." मला हे ऐकून संताप यायचा, पण काकूंना त्यावर झोप लागत होती.

आता मी ट्रॉयला नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात काका पोर्चवर बर्फावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. माणुसकी म्हणून वसंतात बघायला गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि समोर पाहिलं, पुढच्या जिन्याला लोखंडी रूळ बसवलेला, आणि खाली खांबापाशी घडी घातलेली खुर्ची. काका पट्टा बांधून तिच्यावर बसले आणि मला बटण दाबून दाखवलं.

"बघ, ओकला धक्का नाही. फक्त पायऱ्यांत स्क्रू आहेत, आधी बारीक भोक पाडून घेतात. उद्या खुर्ची काढली की भोकांत पुट्टी भरायची, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग काकूंच्या वेळी का नाही बसवली?"

खुर्ची घर्रघर्र करत वर निघाली होती. ते मान वळवून म्हणाले, "तेव्हा टूर तोंडावर होता ना."

घरी आल्यावर मी काकूंना फोन केला. मला वाटलं त्या हसतील. काका कसे ऐटीत पट्टा बांधून बसतात त्याची मी नक्कलसुद्धा केली. काकू आधी हसल्या. मग त्यांनी विचारलं, "स्क्रू कशात मारलेत?"

"पायऱ्यांतच."

"चिरल्या नाहीत?"

"नाही."

"म्हणजे होत होतं," काकू म्हणाल्या. आणि ज्या बाई भरल्या घरासमोर बसून जिना उतरताना रडल्या नव्हत्या, त्या तिथे फोनवर हमसून हमसून रडायला लागल्या.